‘टँकर उद्या’चे पहिले टिपाड

मित्रांनो, मी एक जुने लोखंडी टिपाड आहे. बोलावे की गप्प राहावे, याचा मी बरेच दिवस विचार करत होतो. नदी बोलते, वडाचे झाड बोलते, फाटके पुस्तकसुद्धा आपली कहाणी सांगते. त्यांच्याजवळ सांगण्यासारखे पुष्कळ असते. टिपाडाजवळ काय असणार? पाणी आले की भरायचे, संपले की उपडे व्हायचे. पण मी एका बँडमध्ये होतो. त्या बँडचे पहिले वाद्य मीच. ही गोष्ट आता कुणी सांगत नाही, म्हणून मला तोंड उघडावे लागते आहे. सांगताना माझ्या बोलण्यात हेवा येईल. तो मला लपवता आला असता तर मी लपवला असता.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला, ते मला आठवत नाही. आठवते ते तेल. वाळूजच्या एका कंपनीत मी यंत्राचे तेल पोटात घेऊन आलो. तेल संपल्यावर मागच्या भिंतीला उन्हात पडून राहिलो. तेथे कडुबा नावाचा पहारेकरी होता. मूळचा फुलंब्रीकडचा, मेंढरांमागे फिरणाऱ्या घरातला. कुरणे संपली, मेंढरे विकली गेली, तसा तो शहराला आला होता. त्याने साहेबांना विचारून मला एका टेम्पोत घातले आणि शहरालगतच्या सातारा डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या आपल्या वस्तीत आणले. उतरवताना मी हातातून निसटलो आणि दगडावर आपटलो. माझ्या बुडाला एक पोचा पडला. तो पोचा लक्षात ठेवा. मला त्याची फार लाज वाटत असे.

कडुबाची बायको सारजाबाई. तिने माझ्यात डोके घालून वास घेतला आणि ती म्हणाली, “ह्याच्यात पाणी भरायचं का मोटार चालवायची?”

पण तिनेच मला माणसात आणले. कडुबाने छिन्नीने माझे झाकण कापले. तिने माझ्या पोटात पऱ्हाट्या पेटवून तेल जाळले, मग ती राख आणि वाळू घेऊन मला घासत बसली. घासताना तिचा हात एका ठेक्यात चाले. सगळा वास गेल्यावर तिने रंगाऱ्याकडून माझ्या पोटावर पांढऱ्या रंगात स्वतःचे नाव लिहून घेतले. मी पाणी ठेवण्याच्या लायकीचा झालो. त्या दिवशी मला कुणाचाही हेवा वाटला नाही. असा दिवस माझ्या आयुष्यात फार वेळा आलेला नाही, म्हणून सांगून ठेवतो.

दुसऱ्याच दिवशी शेजारच्या रत्नमालेने निळे प्लास्टिकचे पिंप आणले. हलके, गुळगुळीत, वर फिरकीचे झाकण. त्याला गंज कधीच लागणार नव्हता. झाला सुरू माझा त्रास.

दोन हजार बारा साली पाऊस नुसता आभाळातून बघून गेला. वस्तीतली बोअर आटली. आजूबाजूला मात्र शहर वाढत होते. काल जिथे बाभळी होत्या तिथे आज बंगल्यांचे पाये खणलेले दिसत. पाया खणायला माणसे होती, पण पाणी टँकरनेच येई. आमच्या वस्तीलाही टँकर लागला आणि त्याबरोबर रांग लागली.

ती रांग माणसांची नव्हती. माणसांना कामावर जायचे असे. म्हणून त्यांच्या जागी आम्ही टिपाडे उभी राहत असू. प्रत्येकावर घरातल्या बाईचे नाव असे. नावाचे टिपाड रांगेत असेल तर नंबर पक्का. मालक दिवसभर नसला तरी कुणी दुसऱ्याच्या टिपाडाला हात लावत नसे. आणखी एक नियम होता. ज्याच्या टिपाडात पाणी शिल्लक असेल, त्याने रांगेच्या शेवटी जायचे.

या रांगेची राखण पुंजाराम करी. तो म्हातारा मेंढपाळ होता. त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. अक्षरे त्याला येत नव्हती, पण रंगाचा उंचवटा बोटाने चाचपून तो कुणाचे नाव आहे ते सांगे. पाणी तो काठीने ओळखे. सकाळी रांगेच्या कडेने चालत जाई आणि प्रत्येकाच्या पोटावर एक ठोका मारी. ठण्ण वाजले तर रिकामे. धप्प वाजले तर भरलेले. मधलेच काहीतरी वाजले तर म्हणे, “व्हा माघं. पोटात लपवून आलाय.”

सारजाबाईचा मुलगा गोकुळ तेव्हा आयटीआयला शिकत होता. सुट्टीच्या दिवशी रांगेजवळ बसायचे काम त्याच्याकडे असे. पुंजारामचे ऐकून तोही आम्हाला ठोकून बघू लागला. कुणाचा आवाज जाड, कुणाचा फाटका. रत्नमालेचे निळे पिंप नुसतेच ‘भप्प’ म्हणाले, तेव्हा मला झालेला आनंद मी लपवणार नाही. मग तो माझ्याकडे आला. मी उपडा होतो. त्याने माझ्या बुडावर मधोमध मारले, मग कडेला, आणि मग त्या पोच्यावर. पोच्यावर मारल्याबरोबर आवाज माझ्या पोटात गेला, वळला आणि वेगळाच होऊन बाहेर आला. गोकुळ थबकला. त्याने पुन्हा मारले. मग निंबाच्या दोन काड्या तोडल्या, त्यांना सायकलच्या ट्यूबचे रबर गुंडाळले, आणि त्या दिवसापासून तो दुसऱ्या कुठल्याच टिपाडाकडे गेला नाही.

मित्रांनो, ज्याची लाज वाटते तेच कुणाला तरी आवडावे, याहून मोठे सुख मला तरी ठाऊक नाही.

रांगेच्या पलीकडे साहेबरावांचे घर अर्धवट उभे होते. साहेबराव लासूर स्टेशनकडचे, गावी शेती आणि शहरात नोकरी असलेले गृहस्थ. बांधकामाला पाणी नाही म्हणून गिलाव्याचे काम थांबले होते. त्यांची मुलगी श्रेया इंजिनिअरिंगला होती. ती त्या उघड्या स्लॅबवर बसून गिटार वाजवत असे. एकदा ती खाली उतरून आली आणि गोकुळला म्हणाली, “ए, परत वाजव ना ते.”

गोकुळने काड्या पाठीमागे लपवल्या. “काय वाजवू? टिपाड आहे ते.”

“तेच वाजव. मी गिटार आणते.”

तिसरा आला हनुमान. हा टँकर चालवत असे. पूर्वी लग्नात वाजवणाऱ्या बँजो पार्टीत होता. पाण्याचा पाइप आमच्या तोंडात सोडून तो यांचे वाजवणे ऐकत उभा राही. एक दिवस म्हणाला, “मलापण घ्या रे. वरातीत तेच तेच वाजवून बोटं आंबली माझी.” दुसऱ्या खेपेला त्याने टँकरच्या केबिनमधून बँजो आणि जुना कर्णा काढला. त्या कर्ण्यातून बँजो असा काही खरखरला, की बांधावरच्या शेळ्या पळाल्या आणि श्रेया टाळ्या वाजवायला लागली.

बँडचे नाव शोधावे लागले नाही. हनुमानला कुणीही विचारले की टँकर कधी, तर त्याचे एकच उत्तर असे. “उद्या.” श्रेया म्हणाली, “हेच नाव. टँकर उद्या.”

सारजाबाईला हे सगळे विचित्र वाटे. ती डोक्यावर कडब्याची पेंढी घेऊन जाता जाता थांबली आणि तिने विचारले, “पोरी, हे तुमचं नेमकं काय चालतं गं? भजन नाय, लावणी नाय.”

“ऑल्टरनेटिव्ह रॉक म्हणतात काकू.”

“म्हंजे कसं?”

श्रेयाने विचार केला. “म्हंजे लग्नात चालत नाही असं.”

“मग पोट कशावर भरतं त्यांचं?” सारजाबाई म्हणाली आणि पेंढी सावरत पुढे गेली. पण संध्याकाळी तिने गोकुळला सांगितले, “टिपाड रिकामं असंल तर तुझं. भरलं की माझं. आन रांगेतून नंबर गेला तर दोघांचं बी नाय.”

गोकुळ म्हणाला, “व्हय माय.” आमच्या बँडचा हाच एक करार होता.

त्या वर्षी माझ्या पोटात पाणी कमी आणि आवाज जास्त होता. दुष्काळाचे मला वाईट वाटायला हवे होते. वस्तीतल्या बायकांचे हाल मी रोज बघत होतो. तरीही मी रिकामा राहावे असे मला आतून वाटे. मी चांगले टिपाड आहे की नाही, याविषयी मला तेव्हापासूनच शंका आहे.

सुख होते, पण हेवाही होता. श्रेयाच्या गिटारीला आतून मखमल लावलेली पेटी होती. वाजवून झाले की ती तिला पिवळ्या फडक्याने पुसे. हनुमान बँजोला लुंगीत गुंडाळून सीटखाली ठेवी. मला पुसायला कुणी नव्हते. उलट घाम आला की गोकुळ आपला सदरा माझ्यावरच वाळत टाकी. मी स्वतःची समजूत घालत असे की सदरा तरी माझ्यावर टाकतो, गिटारीवर टाकत नाही.

श्रेयाच्या कॉलेजच्या स्नेहसंमेलनात पहिला कार्यक्रम झाला. मला मंचावर चढवताच मागून पोरे ओरडली, “पाणी आलं रे, पाणी! हंडे घेऊन या!” सगळे सभागृह हसले. गोकुळचे कान लाल झाले. त्याने डोळे मिटले आणि पोच्यावर पहिला ठोका दिला. मग श्रेयाने गायला सुरुवात केली, “उद्या येतो म्हणाला, उद्याचं घर कुणी पाहिलंय का?” दुसऱ्या कडव्याला हसणे थांबले. शेवटच्या कडव्याला ती हंडेवाली पोरेच बाकांवर ठेका धरत होती.

पेपरात फोटो आला. श्रेया पूर्ण आली होती. बँजो पूर्ण आला होता. गोकुळचा एक हात आणि अर्धे डोके आले होते. माझी फक्त वरची कड दिसत होती. खाली कुणी लिहिले होते, “गिटार आणि बँजोची अनोखी जुगलबंदी.” सारजाबाईने तो कागद दारामागे चिकटवला. दार हलले की तो माझ्या नजरेला पडे आणि मी त्यात माझी कड शोधत बसे.

मग पाऊस आला. त्या पावसाळ्यात डोंगरावरून ओढे धावले. पत्र्यावरून पडणारे पाणी सारजाबाईने माझ्यात धरले आणि मी गळ्यापर्यंत भरलो. गोकुळ आला. सवयीने त्याने मला ठोकले. मी धप्प म्हणालो. त्याने दोन्ही काड्या खिशात घातल्या.

करार करार होता. मी भरलेला, म्हणजे मी सारजाबाईचा. पंधरवडे गेले. बँडला ठोके देणारे कुणी उरले नाही. अखेर जालन्याचा एक ऑर्केस्ट्रा बंद पडत होता, त्याचा जुना ड्रमसेट हनुमान टँकरवर बांधून घेऊन आला.

तो लाल होता. नव्या मोटारसायकलीसारखा लाल. कडांना चकचकीत कड्या, वर दोन पितळी ताटे, बसायला स्वतंत्र गोल स्टूल. एकट्याच्या अंगात एवढे आवाज, की मला वाटले हा एकटा नसून भाऊबंद घेऊन आलेला आहे. श्रेया त्याच्याभोवती दोनदा फिरली. गोकुळ स्टुलावर बसला, एक पाय खाली आपटला आणि साहेबरावांच्या स्लॅबवरची वाळू हलली.

“आता झाला बँड!” हनुमान म्हणाला.

आता झाला! मग आधी काय होते? मी त्याला हे विचारू शकलो नाही. माझ्या तोंडापर्यंत पाणी होते.

पुढची दोन वर्षे मी अंगणात उभा राहून त्या लालभडकाचे वाजणे ऐकले. तो चुकावा, फाटावा, त्याला उंदराने कुरतडावे, असे मी मनात म्हणत असे. तसे काही झाले नाही. गोकुळ त्याच्या चामडीचे स्क्रू आवळी, त्याच्यावर घोंगडी पांघरी. घोंगडी! कडुबाच्या बापाच्या मेंढरांच्या लोकरीची घोंगडी त्या जालन्याच्या पाहुण्याच्या अंगावर आणि मी उघड्यावर. तो फार चांगला वाजत होता, ही गोष्ट मला सगळ्यात जास्त बोचली. तो वाईट वाजत असता तर मी त्याच्याशी कदाचित मैत्री केली असती.

पावसाने पुन्हा दगा दिला. दोन हजार पंधरा गेले, सोळाचा उन्हाळा आला. हा दुष्काळ आधीच्याहून वाईट होता. वस्ती मोठी झाली होती, भोवताली फ्लॅट झाले होते, आणि पाणी मात्र तेच एक टँकरचे. मी पुन्हा रिकामा झालो, पुन्हा उपडा होऊन रांगेत उभा राहिलो. गोकुळ रोज माझ्यासमोरून जाई. मी वाट बघत असे. आता मी रिकामा आहे, आता मी तुझा आहे. तो माझ्या पाठीवर एक टिचकी मारी आणि लाल ड्रमसेटकडे निघून जाई.

त्या उन्हाळ्यात वस्तीजवळच्या मैदानावर बँडांची स्पर्धा ठरली. नाशिक, नगर, जळगावहून बँड येणार होते. सकाळीच श्रेया रांगेजवळ आली. “गोकुळ, टिपाड नेऊ या ना स्टेजवर. आपली सुरुवात त्याच्यावर झाली.”

मी तेव्हाच स्वतःला मंचावर बघितले.

“आन टँकर?” गोकुळने विचारले.

हनुमान दगडावर बसून बिडी ओढत होता. “गाडीचा गिअर गेलाय. गॅरेजला उभी आहे. आज काय येत नाय. उद्या.”

टँकर ज्याच्या हातात, तोच सांगतो म्हटल्यावर गोकुळचा विश्वास बसला. त्याने माझ्या जागी एक दगड ठेवला आणि मला गडगडवत मैदानावर नेले. तिथे त्याने माझ्या अंगाला वरपासून खालपर्यंत काळा ऑइलपेंट फासला. सारजाबाईचे पांढरे नाव त्याखाली गेले. वर श्रेयाने लाल अक्षरांत ‘टँकर उद्या’ असे लिहिले. पेंट ओलाच होता. मी मंचावर अगदी पुढे, मधोमध उभा राहिलो. माझ्यामागे लाल ड्रमसेट मांडला गेला. मला वाटले, अखेर हा माझ्या मागे आहे.

तेवढ्यात माइक लावणाऱ्याने विचारले, “या डब्याला माइक लावायचा का?”

गोकुळ म्हणाला, “नको. ते वाजवायचं नाय. नुसतं दिसायला ठेवलंय.”

मित्रांनो, नुसते दिसायला! माझ्या अंगावरचा रंग सुकला नव्हता हे बरे, नाहीतर तडकला असता.

ऊन कलले. खुर्च्या भरू लागल्या. पहिला बँड वाजवून उतरला आणि निवेदकाने आमचे नाव घेतले, एवढ्यात मंचाच्या बाजूने सारजाबाई चढून आली. ती कामावरून तशीच आली होती. पदर कमरेला खोचलेला, पायांवर सिमेंटची धूळ.

“गोकुळ! टँकर आलाय.”

“माय, आज कसा येईल? हनुमान म्हणला…”

“रामप्रसाद आलाय दुसरी गाडी घेऊन. निम्मी रांग भरली. माझ्या जागेवर धोंडा ठेवलाय म्हणं माझ्या लेकानं. धोंड्यात पाणी भरू का मी?”

गोकुळ हनुमानकडे वळला. “तू म्हणला उद्या!”

“मी तर रोजच उद्या म्हणतो,” हनुमान कसाबसा म्हणाला. “मावशी, आईच्यान, मला ठाऊक नव्हतं. मालकानं परस्पर पाठवली असंल.”

निवेदक माइकमधून विनोद करू लागला होता. लोक हसत होते. गोकुळ एकदा खुर्च्यांकडे बघत होता, एकदा आईकडे. मला सगळे दिसत होते. घरात कालपासून एक कळशी उरली होती. ही खेप चुकली तर पुढची कधी, ते रामप्रसादलाही ठाऊक नव्हते. आणि गोकुळला मंचावरून उतरावे लागले तर बँडचा नंबर बाद होणार होता. दोन ठिकाणचे दोन नंबर एकाच पोरावर येऊन पडले होते.

गोकुळने काड्या खाली ठेवल्या आणि मला उचलायला वाकला. “चल माय, मी येतो.”

सारजाबाईने त्याचा हात बाजूला केला. “तू कुठं येतो? तुझी रांग इथं लागलीय ना? ती सोडू नको. माझी मी बघते. नुसतं खाली उतरवून दे.”

श्रेया आणि गोकुळने मला मंचाखाली उतरवले. सारजाबाईने मला आडवे केले आणि ती मला गडगडवत नेऊ लागली. मागे लाल ड्रमसेट तसाच मांडलेला राहिला. आता पुढे कुणी नसल्याने तो सगळ्यांना पूर्ण दिसत होता. जाता जाता मी तेवढे बघून घेतले.

मैदानापासून वस्तीपर्यंतची सगळी माती माझ्या ओल्या रंगाला चिकटली. आम्ही रांगेशी पोचलो तेव्हा माझ्यावर सारजाबाईचे नाव नव्हते आणि बँडचेही नव्हते. मी नुसता चिखल फासलेला पत्रा होतो. सारजाबाईचे हात मनगटापर्यंत काळे झाले होते.

रामप्रसादने पाइप रत्नमालेच्या पिंपाकडे वळवला होता. सारजाबाईने धोंडा लाथेने सरकवला आणि मला जागेवर उभे केले.

“थांब,” पुंजाराम म्हणाला. त्याने माझ्या पोटावरून बोट फिरवले. बोट चिकटले. “हे कुणाचं?”

“माझं. सारजाबाईचं.”

“नाव कुठंय? वला रंग लागतोय नुसता.”

“पोरानं रंगवलंय, भाऊ. खाली हाये नाव.”

रत्नमाला मागून म्हणाली, “आयतं कुठून तरी उचलून आणायचं, काळं करायचं आन म्हणायचं माझं. कालपासून रांग धरलीय आम्ही.” ती तशी वाईट बाई नव्हती. तिच्याही घरात तीन लेकरे तहानलेली होती आणि टँकरमधले पाणी खाली चालले होते.

पुंजाराम मान हलवून म्हणाला, “सारजाबाई, नाव नसंल तर नंबर नाय. हा माझा नियम नाय, सगळ्यांचा हाये. आज तुला सोडलं तर उद्या कुणाला अडवू?”

सारजाबाईने पदराने माझा रंग पुसून बघितला, तर पदर काळा झाला आणि अक्षर दिसेना. मग एकदम तिने मला पालथे केले.

“भाऊ, तुम्हाला डोळ्यानं दिसत नाय. मग रंगाचं काय घेऊन बसले? कानानं बघा.”

आणि तिने मूठ वळून माझ्या बुडावर मारली. पहिला ठोका मधोमध पडला. दुसरा कडेला. तिसरा बरोबर पोच्यावर. हातातली काकणे माझ्या पत्र्यावर किणकिणली. पुंजारामने मान वाकडी केली. तिला वाटले त्याला ओळखू आले नाही, म्हणून तिने दोन्ही हात लावले. आणि मित्रांनो, ते हात एका ठेक्यात चालायला लागले. तिचा बाप जत्रेत धनगरांच्या गजीनृत्याचा ढोल वाजवायचा, हे मी घरात बोलताना ऐकले होते. तोच तो ठेका असावा. मी तो ओळखला, कारण गोकुळ प्रत्येक गाणे त्याच ठेक्याने सुरू करी. तो त्याला स्वतःचा समजत होता. मी तो माझा समजत होतो. ती मला राखेने घासत होती, तेव्हाही तिचा हात असाच चालला होता.

रामप्रसाद पाइप हातात धरून बघत राहिला, तो पाणी पिंपाबाहेर सांडेपर्यंत.

“बास!” पुंजाराम काठी आपटून म्हणाला. “पोचा सारजाबाईचाच. शंभरात वळखीन. लाव रे पाइप.”

मला सुलटे करायला पहिला हात रत्नमालेने लावला. “भरा एकदाचं,” ती पुटपुटली. “कसरत बघत बसले तर टँकर संपंल.”

पाणी माझ्यात पडू लागले. मला माइक नव्हता, मंच नव्हता, फोटो काढणारा कुणी नव्हता. पण त्या दिवशी मी वाजलो, म्हणून एका घराला पाणी मिळाले. लाल ड्रमसेटच्या नशिबात हे कधी आले नाही, हे मी त्याच वेळी मनात मोजून घेतले. मी इतका हलका आहे.

मी काठोकाठ भरलो, टँकर गेला, आणि मैदानाकडून आवाज आला. त्यांचा नंबर हुकला नव्हता. गोकुळने सुरुवात केली होती. तोच ठेका, पण लाल ड्रमसेटवर, मोठमोठ्या कर्ण्यांतून, जमिनीतून. आणि माझ्या पोटातले पाणी थरथरले. मध्यापासून काठापर्यंत बारीक वलये उठली. ठोका पडला की वलय, ठोका पडला की वलय. माझ्या वैऱ्याचे वाजणे मला न विचारता माझ्या पोटात आले होते आणि मला ते थांबवता येत नव्हते.

सारजाबाई माझ्याजवळ उभी होती. ती गोकुळचे वाजवणे ऐकायला कधीच गेली नव्हती. तिने पाण्याकडे बघितले. मग आपला काळा झालेला तळवा माझ्या पोटावर टेकवला आणि तसाच ठेवला.

“रत्नमाला, बघ गं,” ती म्हणाली. “माझा गोकुळ वाजवू राहिला.”

“बक्षीस मिळंल का त्याला?”

“कुणाला ठाऊक. ठेका चुकला नाय त्याचा. पाणी सांगू राहिलंय.”

गाणे संपेपर्यंत तिने हात काढला नाही. त्या हाताचा काळा ठसा माझ्यावर सुकला. नंतर तिने माझ्यावर आपले नाव पुन्हा लिहून घेतले, पण तो ठसा तिने राहू दिला.

बक्षीस जळगावच्या बँडला मिळाले. तरी पुढे ‘टँकर उद्या’ला पुण्या-नाशिकची बोलावणी आली, त्यांची गाणी पोरांच्या मोबाइलवर वाजली. मी एकाही गाण्यात नाही. नंतर श्रेया नोकरीसाठी बंगळुरूला गेली. हनुमानने स्वतःचा टँकर घेतला आणि त्याच्या पाठीमागे बँडचे नाव रंगवले. गोकुळ शेंद्र्याच्या एका कंपनीत लागला. साहेबरावांच्या घराला गिलावा झाला. वस्तीला नळ आला, तो आठवड्याने का होईना येतो. माझ्या बुडाला, त्या पोच्याजवळच, गंजाने एक छिद्र पाडले आहे. आता माझ्यात पाणी राहत नाही.

लाल ड्रमसेट आता माझ्याशेजारीच आहे, पत्र्याच्या शेडमध्ये. त्याच्यावर अजून ती घोंगडी आहे. माझा हेवा गेला का, असे तुम्ही विचाराल. नाही गेला. रोज सकाळी घोंगडी बघितली की तो जागा होतो. पण सारजाबाई शेळ्यांना पाणी पाजायला शेडमध्ये येते, तेव्हा हात आपोआप माझ्यावर पडतो, त्या ठशापाशी. बोटांनी दोन ठोके देते आणि जाते. घोंगडीला ती हात लावत नाही. मी हे रोज बघून ठेवतो.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखे एखादे टिपाड असेल तर ते रिकामे झाल्यावर उन्हात उपडे ठेवा, कडेत पाणी साचू देऊ नका, गंज दिसला की वेळेवर रंग द्या. हे सगळे कुणीही सांगेल. माझे मागणे आणखी थोडे आहे. ते भरलेले असेल आणि लांबून कुठून वाजण्याचा आवाज येत असेल, तेव्हा त्याच्याजवळ थांबा आणि आपला तळवा त्याच्या पोटावर ठेवा. त्याला स्वतःला वाजता येत नसते. पण तुमचे माणूस कुठे वाजवत असेल, तर ते त्याला आधी कळते.